नळीच्या टोकाचा रंग

भूमिका,

गोठ्यात गोणपाटाखाली बंदूक आहे, ती बाहेर काढू नको. खोटी आहे, प्लॅस्टिकच्या छऱ्यांची, आमच्या रिसॉर्टवरच्या खेळातली. गिऱ्हाइकांच्या हातानं रंग उडतो, म्हणून यावेळी पॉलिश पेपरनं घासली, प्रायमर मारला, मग रंगाचे पातळ पातळ हात दिले. शेठ बोलला होता, नळीचं केशरी टोक तसंच ठेव, खेळणं आहे ते कळायला पायजे. मी तेपण काळं केलं. खरी वाटत होती.

काल वाळवायला घरी आणताना रंग ओला होता, म्हणून पिशवीत न घालता हातात धरली. धूळ नको म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला. टोकावड्याच्या वाटेवर आपली सकुमावशी समोर आली. मी हाक मारणार, तेवढ्यात तिनं गळ्यातली माळ काढून माझ्या हातात कोंबली, हात जोडले नि पळत सुटली. त्या वयात. मग रुमाल काढायची मला लाज वाटली.

आज सकाळी ओट्यावर येऊन मलाच सांगत होती, "तू असतास तर धरला असतास रे त्या चोराला." मी उठून गोठ्यात गेलो.

टोक घासून बघितलं, रंग असा बसलाय की निघत नाय. केशरी आणायला मुरबाडला चाललोय. माळ तांदळाच्या डब्यात आहे. मावशी आली तर चहा दे, माळ देऊ नको. ती मी माझ्या हातानं देणार आहे.

रुमाल खुंटीला अडकवून चाललोय.

वाल्मिक