घरी सोडताना दिलेला कागद

१२ मार्च, गुरुवार

ती. वन्संना नमस्कार,

पत्र पोचलं. माझा गुडघा बरा आहे, जिना तेवढा दोनदा टेकून चढते. तुमचे यजमान परवा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येताहेत, बरं झालं. ‘वहिनी, तू माझ्या भावाचं केलंस तसं मला जमू दे,’ असं तुम्ही लिहिलंत. 

तसं करू नका.

यांना, तुमच्या भावाला, त्याच केंद्राच्या वॉर्डातून घरी सोडलं तेव्हा नर्सनं गोळ्या दिल्या आणि एक छापील कागद. वाचता येतं का, विचारलं. मी हो म्हटलं. दुकानांच्या पाट्यांवरून वाचायला शिकलेली मी, तुम्ही चारचौघांत कौतुक करायचात. कागदावर होतं, ‘मात्रा क्रमशः न्यून करावी. अकस्मात खंडन केल्यास अपस्माराचे झटके संभवतात.’ अक्षर न् अक्षर वाचलं, कळलं काहीच नाही. विचारायची लाज वाटली. मान डोलावली, सही केली.

घरी गोळीला जरा उशीर झाला की हे कासावीस व्हायचे. मला वाटलं, दारू सुटली आणि गोळ्यांचं व्यसन लागलं. पाचव्या दिवशी सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. हे बाहेर जाऊन आणतील म्हणून यांच्या खोलीला बाहेरून कडी घातली.

“अगं, एक तरी दे. माझे हात बघ कसे हलताहेत.”

दाराला पाठ लावून मी भाजी निवडत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी आत धडपड झाली, मग सगळं शांत. मला वाटलं, झोप लागली.

तुम्हाला हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं.

महिन्यानं शब्दकोश आणला. अपस्मार म्हणजे फिट. आता त्याच वॉर्डात फरशी पुसते. कितीदा सोडायचं ठरवलं, सुटत नाही. कागद तोच आहे. घेणाऱ्या बायका माझ्यासारख्याच माना डोलावतात, आणि मी फडकं पिळते. आजवर कुणाला बोलले नाही.

तुम्हाला तोच कागद मिळेल. त्यात एवढंच आहे: गोळ्या डॉक्टर सांगतील तशा थोड्या थोड्या कमी करायच्या. एकदम बंद केल्या तर फिट येते, माणूस जातो. हात थरथरायला लागले तर लगेच दवाखाना गाठा. न कळलेलं दहादा विचारा.

भावाबद्दल मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी यजमानांना सांभाळा.

तुमच्या भावाची बायको