पेन्सिलीची खूण

३ तारीख, सोमवार
पोहोचले एकदाची! भाच्याने पिच्छाच पुरवला होता, मावशी, आता आमच्याकडेच राहायचं. तळमजल्यावरची खोली छान आहे, उजेड भरपूर, भिंती दोन हात जाड. आतल्या भिंतीला तडा गेलाय, त्याचा बंदोबस्त होणार म्हणे. भाचेसुनेची आई आधी इथेच राहायची, वर्षापूर्वी मुलाकडे परदेशी गेली. चहा पाणचट. तोंडावर सांगितलं.

५ तारीख, बुधवार
तडा गेलेल्या भिंतीत माझ्या पुस्तकांसाठी कोनाडा कापताहेत. कारागिराच्या करवतीला पात्याऐवजी साखळी, तिच्यावर हिऱ्याचे कण. पाणी सोडत काँक्रीटही कापते. गोल पातं कोपरा ओलांडतं, ही नेमका काटकोन काढते. बत्तीस वर्षं भूमिती शिकवली, एका कार्टीला असा जमला नाही! आधी भाच्याने मला भिंतीशी उभं करून डोक्यावर पेन्सिलीने खूण केली. म्हणे, हात पुरायला हवा. मग हात नको का वर करायला लावायला? गाढव!

६ तारीख, गुरुवार
कोनाडा पाच फूट उंच, दीड फूट रुंद, तितकाच खोल. फळ्या कुठे बसणार? कारागीर म्हणाला, आजी, फळ्यांचं मला कुणी बोललंच नाही. गेल्या वर्षीही इथे असंच कापून दिलं होतं, ते कुठे गेलं? भाचा आला तशी त्याने करवत सुरू केली.

७ तारीख, शुक्रवार
सापडलं. पलंगामागे, बाहेरच्या भिंतीत. बुजवलेला उभा चौकोन, चारही काटकोन. वर पेन्सिलीची खूण, माझ्या उंचीपेक्षा दोन बोटं वर. तिथला जुना तडा जखम भरावी तसा मिटलाय. सुनेकडे तिच्या आईचा पत्ता मागितला. आई आता पत्रं वाचत नाही, म्हणाली.

८ तारीख, शनिवार
कारागीर आला नाही. करवत इथेच. तडा वीतभर वाढलाय. भाचा त्यावर हात फिरवत म्हणाला, घर माणसांच्याच आधारावर उभं राहतं. आज चहा दाट, गोड. कुंडीत ओतला. दाराला बाहेरून कडी —

रविवार
बाहेर सिमेंट कालवताहेत. बुजवलेला भाग कच्चा असणार. तिथूनच निघायचं. करवत पलंगावर टेकवून चालवली. पाणी नाही, नुसती धूळ. एक कोपरा निघाला —
आत चष्म्याची काडी. बोटं.
बोटं हलली.
उजवं मनगट धरलंय. गरम आहे हात. डाव्या हाताने लिहिते —
सून दाराबाहेरून लाडात म्हणतेय, आई, घट्ट धर हं, आम्ही आलोच —
कडी