कोट कोणत्या रंगाचा घ्यावा

डोंगरकडा, ता. कळमनुरी
९ जानेवारी २०२५

सौ. सृष्टीताई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे आई-बाबांच्या तब्येती बऱ्या आहेत. थंडीमुळे आईंचा गुडघा धरतो, पण त्या ऐकतात थोड्याच, रोज केळीच्या बागेत एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तुमच्या खोलीच्या खिडकीला बाबांनी नवी जाळी बसवून घेतली आहे. मी विचारलं, सृष्टीताई येणार आहेत का? तर म्हणाले, "जाळी बसवली म्हणून कोणी येत नसतं, पण बसवून ठेवावी."

आईंनी सांगितलं असेलच. परभणीला मी एम.टेक. करते आहे ना, अन्नप्रक्रियेचं, तिथून एका सेमिस्टरसाठी नेदरलँड्सला पाठवणार आहेत. आमच्या विभागातून दोघांची निवड झाली, त्यात माझं नाव आलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघायचं, जुलैत परत. तिथे मला केळी सुकवण्याच्या पद्धतींवर काम करायचं आहे. केळी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं मुंजाजीकाका पारावर म्हणाले म्हणे. बाबांनी त्यांना काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, पण त्या दिवसापासून काका तो विषय काढत नाहीत.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की तुम्ही माझा फोन उचलत नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. देविदास उद्या केळीची गाडी घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देते. मला कपड्यांच्या बाबतीत तुमचा सल्ला हवा होता. तुम्ही बुटीकमध्ये बसता, शहरातल्या बायका तुम्हाला विचारून कपडे शिवतात. मला तर तिकडे लोक काय घालतात हेसुद्धा मोबाइलवर बघावं लागतं, आणि बघितलं की जास्तच गोंधळ होतो.

बॅगेला वजनाची मर्यादा आहे. बाबांनी ती हळदीच्या काट्यावर चढवून बघितली तर आईंच्या सामानातच अर्धं वजन गेलं होतं. कारळाची चटणी, बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या, भाजणी, आणि सगळ्यांच्या खाली जुन्या लुगड्यांची वाकळ. मी वाकळ बाहेर काढते, त्या आत ठेवतात. माझे कपडे म्हणाल तर करडे कुर्ते, काळ्या सलवारी आणि एक मातकट शाल. त्यांना जागा फारशी लागत नाही.

गेल्या मंगळवारी आई आणि मी थंडीचा कोट घ्यायला नांदेडला गेलो. दुकानदार आपल्या ओळखीचा, त्याला घरचं सगळं ठाऊक. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि न विचारता काळे, करडे, चॉकलेटी कोट काढून समोर ठेवले. बोलायचाही हळू, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा. मी करडा उचलला. आई स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे काहून दाखवून राहिला बाबा? लेकरू शिकायला चाललंय, कोणाच्या दहाव्याला न्हाई."

तो गांगरला. "काकू, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला ठाव हाय. तो वरचा काढ. राणी रंगाचा."

त्यानं काढला. मी घालून आरशासमोर उभी राहिले. दुकानात दुसरं गिऱ्हाईकसुद्धा नव्हतं, तरी वाटत राहिलं की आता मागून कोणीतरी काहीतरी बोलणार. मी तो उतरवला आणि करडाच बांधून घेतला. येताना बसमध्ये आईंनी कोटाची पिशवी माझ्याकडे सरकवून दिली. अर्धापूर मागे पडल्यावर म्हणाल्या, "माझी तर तुला भीती न्हाई. मंग कोणाची हाय?"

त्यांना माहीत होतं. तुझी.

बघ, लिहिता लिहिता तू म्हणून गेले. आता खोडत नाही. लग्न होऊन आले तेव्हा तू कॉलेजात होतीस, आणि माझ्या ब्लाउजांच्या बाह्या तूच कापायचीस. तुला तुम्ही म्हणायचं मला कधी जमलंच नव्हतं, ते गेल्या दोन वर्षांत शिकले.

सेनगावच्या, नात्यातल्या त्या लग्नाचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. विश्वंभर जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी मोरपंखी साडी नेसून मांडवात आले. तू सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "वहिनी, तुला फार लवकर जमलं गं सगळं." आणि न जेवता निघून गेलीस. त्याचा राग मी धरला नाही. तो माझा नवरा होण्याआधी तुझा भाऊ होता.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. ती साडी मी काढली नव्हती. मी फिकी सुती साडी काढून ठेवली होती. आईंनी ती घडी करून परत कपाटात घातली आणि मोरपंखी माझ्या मांडीवर टाकली. म्हणाल्या, "माझा लेक गेला. तुझं वय न्हाई गेलं." तू बोललीस तेव्हा त्या तुला सांगायला उठत होत्या. मीच त्यांचा हात दाबून त्यांना खाली बसवलं. तुला तेव्हा कोणावर तरी रागवायचं होतं, सृष्टी. आईवर रागावली असतीस तर तुझं माहेर तुटलं असतं. माझ्यावर रागावलीस तर फार तर एक वहिनी तुटेल, असं मला वाटलं. ते बरोबर होतं का, हे अजूनही कळत नाही. मात्र तेव्हापासून रंगाचा कपडा हातात घेतला की आधी तुझा आवाज ऐकू येतो, आणि मी तो कपडा खाली ठेवते.

आता मी जाणार. आईंच्या मनात हे असंच राहायला नको, आणि माझ्याही. मी नसताना त्यांच्याकडे येत जा. त्या बोलावणार नाहीत, पण दर रविवारी दुपारी रस्त्याकडे तोंड करून बसतात.

आणि कोटाचं सांग. परत करायची मुदत या महिन्याअखेरपर्यंत आहे.

तुझी म्हणू की नको, ते तुझ्यावर सोडून,
मंजुषा

*

पुणे
१३ जानेवारी

वहिनी,

देविदास जेवून गेला. तो जेवत होता तेव्हा मी पत्र वाचलं, आणि त्याला वाढायचं विसरून गेले. बिचारा कोरडी भाकरी चावत बसला होता.

मला आधी राग आला. तुम्हा दोघींचा आला. मी एवढी नाजूक होते का, की माझ्यापासून एक साडी लपवावी? तुम्ही दोघी एकाच घरात राहून हे सांभाळत बसलात आणि मी इथे दोन वर्षं एकटी भांडत राहिले. तेही चुकीच्या माणसाशी. तू ते माणूस नव्हतीस. आईसुद्धा नव्हती. अपघातानंतर दादाचं हेल्मेट गाडीच्या हँडलला अडकवलेलं सापडलं, हे तुला माहीत आहे. मी त्याच्यावर रागावले होते. गेलेल्या माणसावर रागावून कोणाला सांगणार?

ह्यावर आणखी लिहायला गेले तर मला जमणार नाही. त्यामुळे कपड्यांकडे वळते.

राणी रंग तुला शोभत नाही. आधीही शोभत नव्हता. आईला राणीशिवाय दुसरा रंग दिसतच नाही, माझ्या लहानपणीच्या फोटोंत मी सगळीकडे राणी फ्रॉकमध्ये आहे. तुझ्या अंगावर गडद हिरवा खुलतो. कोट गुडघ्यापर्यंतचा हवा, कमरेला पट्टा असलेला, आणि खांद्यात थोडा सैल, कारण आत स्वेटर येणार. करडा बदलून घेऊ, मी येते बरोबर.

एकच जाड कपडा घेऊन थंडी जात नाही. अंगालगत पातळ थर्मल, त्यावर कुर्ता, त्यावर स्वेटर, त्यावर कोट. इमारतीत शिरलीस की वरचं काढता येतं. तिकडे आत गरम असतं, उगाच घामाघूम होशील. सलवारी सगळ्या राहू दे. कुर्ते मी मांडीपर्यंत आखूड करून देते, जीन्सवर छान बसतात. रंग मोजकेच ठेव, पण एकावर दुसरा चालेल असे: हिरवा, मोहरीसारखा पिवळा, गडद निळा. म्हणजे थोड्या कपड्यांत रोज वेगळी दिसशील. बूट पायात घालूनच विमानात बस, बॅगेतलं वजन वाचतं. एक साडी घे. कुठेतरी कार्यक्रम निघतोच, आणि त्या दिवशी सगळ्या खोलीत तू एकटीच साडीत असशील. ब्लाउज बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा शिवते, स्वेटरची गरज पडणार नाही.

चटणी ने. भाजणी ने. खारोड्या नको, वासावरून कोणी तक्रार करेल. वाकळ तू काढू नकोस, तुझ्याच्यानं होणार नाही. मी काढते.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते. घरच्या मशीनला तेल देऊन ठेव.

सृष्टी

ता. क. सेनगावला मी म्हणाले होते, लवकर जमलं. लवकर नव्हतं ते.

*

नेदरलँड्स
९ मार्च २०२५

प्रिय सृष्टी,

फोनवर आपण सगळे एकत्र बोलतोच, पण त्यात आई मधेच कॅमेऱ्यात डोळा घालतात आणि बाबा मागून "जेवली का विचार" म्हणत राहतात. त्यामुळे काही गोष्टी राहून जातात. म्हणून आज रविवारचं पत्र.

वाकळीवरून तुमचं दोघींचं जे भांडण झालं ते मला इथेही आठवतं आणि एकटीच हसते. इतक्या दिवसांनी त्या घरात कोणीतरी मोठ्यानं भांडलं होतं. बाबा ओसरीवर पेपर उलटा धरून बसले होते, मी बघितलं.

तुला एक ऐकून मजा वाटेल. इथे झाडून सगळे काळे कोट घालतात. सकाळी सायकलींची रांग निघते ती पूर्ण काळी-करडी, आणि मधेच मी हिरवी. नांदेडचा तो दुकानदार इथे आला असता तर आख्खं गाव सुतकात आहे असं त्याला वाटलं असतं. आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यान्ला कोणी सांगणारं न्हाई वाटतं."

पहिले दिवस सोपे गेले नाहीत, हे तुला खरं सांगते. वारा असा की सायकल जागच्या जागी उभी राहते. चार वाजल्यापासून दिवेलागणीसारखं आभाळ. बोलणं समजायचं, पण मी उत्तर जुळवेपर्यंत माणसं पुढच्या विषयावर गेलेली असायची. सकाळी उठून काय घालू हे ठरवताना मात्र बरं वाटायचं. निळा कुर्ता, पिवळा स्वेटर, की उलट? तेवढी पाच मिनिटं मी कोणाची कोण आहे हे डोक्यात नसायचं. मला वाटायचं, नटणं म्हणजे कोणासाठी तरी असतं. इथे मला बघणारं ओळखीचं कोणी नाही, तरी मी रोज नीट तयार होते. हे कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुला सांगते.

गेल्या गुरुवारी आमच्या गटासमोर मला कामाची माहिती द्यायची होती. तू बांधून दिलेली साडी नेसले. निऱ्या नीट येईनात, तीनदा सोडून पुन्हा घातल्या. पण उभी राहिले आणि केळीच्या कापांबद्दल बोलायला लागले, तेव्हा निऱ्यांकडे लक्षच राहिलं नाही. आपल्याकडची केळी पिकल्यावर किती दिवस टिकतात, भाव पडला की बांधावर कशी फेकली जातात, हे मला वाचून सांगावं लागत नाही ना. प्राध्यापकांनी बरेच प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, सुकवण्याचं छोटं यंत्र गावात बसवून बघता येईल, असा प्रस्ताव लिही, आपण मिळून पाठवू. होईल की नाही माहीत नाही. पण मी लिहायला बसले आहे, आणि गाव म्हणून डोंगरकड्याचं नाव घातलंय. बाबांना अजून सांगू नको. ते लगेच जागा साफ करायला घेतील.

नंतर सगळ्यांनी मिळून जेवण केलं. माझ्या शेजारी फेम्के बसते, इथलीच मुलगी, प्रयोगशाळेत माझ्याबरोबर असते. तिनं साडीचा काठ हातात घेऊन विचारलं, हे सगळं तू एकटीनं निवडतेस का? मी म्हटलं, नाही, माझी नणंद निवडते. इंग्रजीत नणंद सांगताना नवऱ्याचा उल्लेख करावाच लागतो. मग तिनं त्याच्याबद्दल विचारलं.

मी सांगितलं, सृष्टी. तो शाळेत शिकवायचा. रविवारी दुपारी सगळ्या आठवड्याचे शर्ट स्वतः इस्त्री करायचा आणि माझी साडीसुद्धा मला इस्त्री करू द्यायचा नाही, म्हणायचा, तुला कडक घडी जमत नाही. पोरं त्याला साहेब म्हणायची ते त्याच्या शर्टांमुळे. हे सांगताना मला रडू आलं नाही. मी हसत होते आणि फेम्केही हसत होती. पहिल्यांदाच असं झालं.

मग ती म्हणाली, "म्हणजे तो गेल्यानंतरही ती तुझी नणंद आहे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. तिनं वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. तेव्हा मी म्हटलं, "हो. आणि त्याची आई माझी आई आहे. तसंच असतं." म्हणताना जाणवलं, आपल्याकडेसुद्धा तसंच असतं असं नाही. आपण तसं ठेवलं.

आज ऊन पडलंय. खाली प्रयोगशाळेतल्या सगळ्याजणी सायकली घेऊन उभ्या आहेत आणि माझ्या नावानं हाका मारताहेत, नाव अगदी चुकीचं उच्चारून. कालव्याकाठी बाजार भरतो तिथे चाललोय. आईंना माझा नमस्कार सांग, आणि ज्या रविवारी तू तिथे असशील त्या दुपारी त्यांच्याशेजारी बस.

जाते म्हणू नये असं त्या म्हणतात. येते.

तुझी,
मंजुषा