बाराशे पिक्सेल

६ मे, सोमवार
वहीद हार्ड डिस्क देऊन गेला. रुमालात बांधून आणली होती, जेवणाचा डबा आणावा तशी. तीन दुष्काळांचे फोटो, अठराशेच्या वर. पुण्याच्या एका कलादालनाच्या बाईंना शुक्रवारपर्यंत सगळे नेटवर बघायला हवेत. त्यातून त्या बारा निवडणार, ते तीन-तीन फुटी छापून भिंतीवर लागणार, खाली वहीदचं नाव. एकतीस वर्षं पेपरात त्याचे फोटो ‘छाया : प्रतिनिधी’ म्हणून गेले. निम्मी वर्षं ती ओळ डेस्कवर बसून मीच टाकली.
कॉम्प्युटरला तो हात लावत नाही. म्हणाला, “कुलकर्णी, तेरेकू डेडलाइन की आदत है. तूच कर.”

७ मे
एकेक फोटो सात-आठ एमबीचा. असे चढवले तर बाईंचा दिवस पान उघडण्यात जाईल. लहान करणं आलं. एकेक उघडून केले तर मी जून गाठीन. म्हणून सगळे एकदम करणारं सॉफ्टवेअर उतरवलं.
आधी पाचांवर नमुना. दर्जा पन्नास ठेवला तर धुळीचं आभाळ पायऱ्या-पायऱ्यांचं दिसतं. पंचाहत्तरला ठीक. लांब बाजू बाराशे पिक्सेल. एक गंमत : नुसत्या आभाळाचा फोटो दाबला की काहीच उरत नाही, पण तलावाच्या भेगाळलेल्या गाळाचा फोटो दबता दबत नाही. भेगांना जागा लागते.
नळ आला नाही. आज नववा दिवस.

८ मे
झालं. तासाच्या आत अठराशे. यंत्राने शेवटी विचारलं, नव्या फोल्डरमध्ये ठेवू की आहे त्याच जागी? त्याच जागी. डेस्कचा नियम : एका फोटोची एकच प्रत. दोन असल्या की नेमकी चुकीची छापली जाते. मागे एका सभेच्या बातमीला आधीच्या निवडणुकीतली गर्दी लागली होती, तेव्हा हा नियम मीच लावला.
हलकं वाटलं. खूप दिवसांनी काम वेळेआधी.

९ मे
सगळे नेटवर चढवले. माझाच नियम मोडून, गावांप्रमाणे फोल्डर करून, नावं देऊन एक नीटनेटका संच वहीदच्या डिस्कवरही टाकला. सुनंदा म्हणाली, “आपल्या लग्नाचे फोटो अजून पिशवीत आहेत. ते कधी लावणार?”
वहीदला लिंक पाठवली. त्याचं उत्तर, नुसतं “हौ.”

१४ मे, मंगळवार
बाईंचा फोन. बारा निवडले. करमाडची दोराला धरून विहिरीत उतरणारी बाई पहिली. त्या बराच वेळ बोलत होत्या. छपाईसाठी मूळ फायली २२ तारखेला दुपारी बारापर्यंत हव्यात.
डिस्क उघडली. करमाड. बाराशे बाय आठशे. दुसरा. बाराशे. हर्सूलचा आटलेला तलाव, बाराशे. खालून, वरून, मधून कुठूनही उघडला तरी बाराशे.
मूळ फायली नाहीत. मीच त्यांच्या जागी लहान ठेवल्या. अठराशेच्या अठराशे.

१५ मे
वहीदला सांगितलं नाही.
दुसरीकडे कुठे असतील? कॅमेऱ्याची कार्डं त्याने पुन्हापुन्हा वापरली. पेपरचं जुनं ऑफिस हललं तेव्हा संग्रह भंगारात गेला, हे मला ठाऊक आहे, यादीवर सही माझी होती. एवढ्यात वहीदचाच फोन : आज डिस्क घ्यायला येऊ का? मी म्हणालो, परवा, जरा काम आहे. आयुष्यात बातमी दाबली नव्हती.
गच्चीवर चार वेळा गेलो, टाकी बघायला. टाकीत काय बघायचंय.

१६ मे
शहागंजात साबळेबाईंचं दुकान. गेलेला डेटा काढून देतात. मूळच्या पिशोरच्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. डिस्क उलटसुलट करून बघितली. म्हणाल्या, लहान फाईल मोठीच्या जागी बसली तरी मोठीचं बरंचसं खाली तसंच राहतं, तिच्यावर दुसरं काही पडेपर्यंत.
“काका, त्याच्यानंतर ह्याच्यावर काय टाकलं का?”
टाकलं. गावांप्रमाणे. नावं देऊन.
“त्येच नडलं,” म्हणाल्या. “आता हात लावू नका. बघते. पण समदं येईल असं धरू नका.”

१७ मे
सांगितलं.
हर्सूलला त्याच्या घरी गेलो. टँकर आला होता, वहीद पाइप धरून ड्रम भरत होता. मी तिथंच उभ्याउभ्या बोललो, कारण बसलो असतो तर चहा आला असता. त्याने ड्रम भरू दिला, पाइप शेजारच्या बाईंच्या हातात दिला, हात पुसले.
“सारे?”
“सगळे.”
मग मी जे बोललो ते लिहायलाही लाज वाटते : यंदाही दुष्काळच आहे, तलाव आटलाय, पुन्हा काढता येतील. त्याने स्कूटर काढली, मला मागे बसवलं. शहर ओलांडून थेट दुसऱ्या टोकाच्या सातारा परिसरात. एका सहा मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. वॉचमन आला तर त्याला म्हणाला, “दो मिनट, साब को बावडी दिखाने की है.” मग पांढऱ्या गाडीखालच्या, विहीर बुजवून घातलेल्या फरशीकडे बोट केलं. “यहाँ थी. निकाल फोटो.”
परतताना मला घरापर्यंत सोडलं.

१९ मे, रविवार
साबळेबाईंकडे दोघं. फायली येताहेत, पण नावाशिवाय, तारखेशिवाय, कशानंतर काहीही. लहान प्रतींशी एकेक ताडत बसायला वेळ नाही; कोणता फोटो कुठला हे वहीद बघताक्षणी सांगतो. तो बोलतो, मी वहीत लिहितो. माझ्याकडे बघत नाही. काही फोटो वरून अर्धे, खाली नुसता करडा पट्टा.
एका रांगेच्या फोटोवर साबळेबाई थांबल्या. “ही आमची पिशोरची व्हय?”
“नै बाई. गाडीवाट गाँव.”
“आमच्याकडं बी अशीच रांग असायची,” म्हणाल्या, आणि पुढचा उघडला.

२१ मे
शेवटचा हिशोब : बारांतले सात अख्खे आले. चार अर्धे. करमाड नाहीच. साबळेबाईंनी तीनदा चाळण मारली.
पुण्याच्या बाईंना पत्र लिहून ठेवलं होतं, चूक माझी, वहीदभाईंचा काही संबंध नाही. त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, नक्को, फोटो माझे आहेत, मीच सांगीन. मग खिडकीतून शहागंजच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात वेळ बघितली.
“बाराशे में कितना बडा छपता?”
“चांगला हवा असेल तर चार इंच.”
“चार इंच.” अंगठा आणि तर्जनी ताणून हवेत माप धरलं. पेपरात दोन कॉलमचा फोटो साधारण एवढाच असायचा. दोघांनाही ते ठाऊक. “तो चार इंच का लगाव. बाकी तीन फुट, ये चार इंच. जिसकू देखना वो नजदीक आके देखेगा.”
तसंच लिहायला लावलं. आज सहीसुद्धा त्याने केली, मोबाइलवर बोटाने.

२२ मे
सात मोठे आणि करमाड, सकाळी नऊला पाठवले. अर्धे चारही पाठव, बघू देत, असं वहीद म्हणाला; तेही पाठवले. बारा वाजून गेले. बाईंचं उत्तर नाही. फोन उचलत नाहीत.
वहीदचा दोनदा फोन. दोन्ही वेळा फक्त “आया?” मी नाही म्हटलं की ठेवून देतो.
आता फोन पुन्हा वाजतोय. कुणाचा ते अजून बघितलं नाही.