रबरी बेडकाची चौकशी

न्यू लिन, ऑकलंड
आषाढ महिना (तुमच्याकडे आषाढ, इथे दोन स्वेटर आणि मोजे)

चि. बाळ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आधी कपाळावरचा चष्मा खाली घे. घरभर शोधू नकोस, कपाळावरच आहे. घेतलास? आता मी कोण ते आठव. मी तुझी थोरली बहीण. गेल्या दिवाळीत तू मला एकाच पाडव्याच्या शुभेच्छा दोन वेळा फोन करून दिल्यास आणि भाऊबीज विसरलास. तुझी कंबर, तुझा दमा आणि तुझी ती टपालवाल्यावर भुंकणारी कुत्री, तिघंही बरी असतील अशी आशा आहे. (टपालवाला हे पत्र घेऊन येईल तेव्हा कुत्री बांधून ठेव. हेही विसरशील.) माझे गुडघे आहेत तसेच आहेत. थंडीत बोलतात, पण मी त्यांना उत्तर देत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू एवढ्या मोठ्याने बोलतोस की फोन नसता तरी इथे ऐकू आलं असतं. आणि इथे मृदुला, म्हणजे माझी सून, मला फोन स्पीकरवर लावून देते आणि स्वतः शेजारी भाजी निवडायला बसते. रोज एवढी कसली भाजी निवडायची असते, हे मी तीन वर्षं बघतेय. म्हणून हे शेजारच्या सरलाकडून लिहून घेतेय. सरला इथल्या हॉस्पिटलात नर्स होती, आता निवृत्त झालीय. मी मालवणीत सांगते आणि ती दादरची असल्यामुळे शुद्ध करून लिहिते. मला अक्षर येत नाही म्हणून ती स्वतःचं काहीबाही घालेल, तेव्हा प्रत्येक मजकूर तिच्याकडून दोनदा वाचून घेते. दोन्ही वेळा सारखा आला तरच पुढे सांगते. माणूस चांगला आहे, पण चांगल्या माणसांवरच लक्ष ठेवावं लागतं. वाईटांवर सगळेच ठेवतात.

तर विषय अनिरुद्धचा. तुझा भाचा, शेहेचाळीस वर्षांचा, पेनरोजच्या कारखान्यात इंजिनिअर, चष्मा लावून झोपणारा. हा मार्चपासून एकाएकी गळ टाकून मासे गरवायला लागला. हो, तोच अनिरुद्ध. त्याचे वडील गेले आणि होडी तेवढी परत आली तेव्हा हा आठ वर्षांचा होता. मी त्याला आपल्या गावच्या रवळनाथासमोर उभा केला आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं, की देवा, माझा मुलगा गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाही, तू त्याची राखण कर. अडतीस वर्षं त्याने ते पाळलंय. इथे जिकडे जावं तिकडे समुद्र, आणि हा मनुष्य पँट दुमडून, पाणी कुठवर आलंय ते वाकून बघत उभा असतो. त्याने सांगितलं, आई, मी धक्क्यावर उभा राहूनच गरवणार, पाय कोरडे. मी जा म्हटलं. देवाशी माझं बोलणं पायांबद्दल झालं होतं, हातांबद्दल नव्हतं.

सामान निवडायला त्याने दीड महिना घेतला. मृदुलाला निवडायला एवढा घेतला नव्हता. (हे वाक्य सरलाने न सांगता तीनदा वाचलं.) कॉम्प्युटरवर एक अमेरिकेतला टोपीवाला चकचकीत होडीत बसून दिवसभर बोलतो, ते ऐकून त्याने तीन रॉड मागवले. एक नारळाच्या हिरासारखा लवचीक, एक पहारीसारखा ताठ, आणि तिसरा दोन्हींच्या मधला, म्हणजे पहिले दोन कशाला घेतले ते देवाला ठाऊक. दोन रिळं आली. त्यातल्या एकाची मूठ डावीकडे, आणि हा उजवा. आणि एक पेटी आली, माझ्या मसाल्याच्या डब्याला लाजवील अशी, चाळीस कप्प्यांची. त्यात जांभळे रबरी गांडूळ, अंगावर चमकी असलेले. आणि एक बेडूक. हिरवा, डोळे वटारलेला, ढुंगणाला परकराची झालर. मी विचारलं, हा कोणासाठी? म्हणाला, बॅससाठी, आई, बॅस म्हणून मासा असतो. मी म्हटलं, तू खाल्लायस कधी? तर छताकडे बघायला लागला. अरे, तुझे भावोजी गळाची गरी, तंगुसाचा दोरा, शिसं आणि कोळंबीचा तुकडा एवढ्या चार वस्तू टोपीत घालून जायचे आणि संध्याकाळी वाडीला पुरेल एवढं आणायचे. त्यांनी बेडकाला कधी परकर नेसवला नाही.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. पहिल्या शनिवारी दोन स्नॅपर घेऊन आला. (हा आपल्या तांबोशीच्या जवळपासचा मासा. चव तांबोशीची नाही, पण परदेशात कोण तक्रार ऐकतंय.) मी तोंड उघडून बघितलं, तर गरीची जखम कुठे नाही. डोळे दुधाळ. खवले काढलेले, पोट साफ. विचारलं, कुठे साफ केलेस? म्हणाला, धक्क्यावर नळ आहे. ज्याला अजून पेरू नीट कापता येत नाही! तो वरच्या मजल्यावर गेला तसं मी रीळ उचललं आणि जीभ लावून बघितली. समुद्रावर जाऊन आलेली वस्तू चार दिवस खारट लागते, हे तुला सांगायला नको. (सांगायलाच हवं, तू विसरला असशील.) रीळ अगदी बेचव, खोक्यातून आत्ताच काढल्यासारखं. मग बेडकालाही लावली. तोही अळणी. ह्या वयात कसली लाज?

आणि तिसरी गोष्ट वासाची. दर शनिवारी दुपारी हा परत येतो तेव्हा केस ओले, डोळे लालभडक आणि डोक्याला कसला वास? पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई आपल्या विहिरीत पांढरी पावडर ओतायचा ना, टीसीएल, हुबेहूब तो. समुद्रावरून येणाऱ्या माणसाला विहिरीचा वास! आधी मला वाटलं, बाईची भानगड असेल. पण बाईकडे जाणारा अत्तर लावून जातो, टीसीएल लावून कोण जाईल? मग सरला सहज म्हणून गेली, की असला वास हॉस्पिटलच्या फरशीलाही येतो. आणि बाळ, तिथे मला बाबांची वांगी आठवली. आपले बाबा शेवटच्या वर्षी दर मंगळवारी बाजाराला जातो म्हणून सांगायचे आणि कुडाळला डॉक्टरकडे जाऊन बसायचे, आणि येताना खरं वाटावं म्हणून वांगी घेऊन यायचे. घरात वांग्यांचा ढीग साठला तरी आपल्याला कळलं नाही. हा मासे आणतोय. त्या आठवड्यात मी ताटात मासा वाढून घेतला आणि तसाच परत भांड्यात ठेवला. मृदुलाला आडून विचारलं, तर म्हणाली, आई, तुम्ही फार टीव्ही बघता. जास्तच गोड आवाजात म्हणाली.

म्हणून एका सोमवारी सगळे कामाला गेल्यावर तो मधला रॉड, उजव्या मुठीचं रीळ, बेडूक आणि रॉडची कापडी पिशवी घेऊन सरलाच्या गाडीतून पेनरोजला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार माओरी, डोंगराएवढा, दाढी छातीपर्यंत. किया ओरा, आंटी, असा इथला नमस्कार केला आणि बसायला स्टूल दिलं. (एवढ्या लवकर स्टूल देणाऱ्याचा मला संशय येतो, पण गुडघ्यांना आला नाही.) बेडूक बघून तो हसायला लागला तो थांबेचना. त्याने सरलाला समजावलं, की हे सामान ज्या बॅससाठी असतं तो गोड्या पाण्यातला अमेरिकेचा मासा, इथल्या नदीत तो नाही की तळ्यात नाही. त्याच नावाचा दुसरा एक आहे, पण तो भर समुद्रात इतका खोल असतो, की हा बेडूक तिथे पोचेपर्यंत म्हातारा होईल. ऐकलंस? तुझ्या भाच्याने दीड महिना खपून ह्या देशात नसलेल्या माशासाठी सामान निवडलं. एकदाही पाण्यात टाकायचं नसेल, तरच माणूस इतकं निवांत निवडतो.

मग मी म्हटलं, मुलगा खोटं बोलतोय तर निदान सामान तरी खरं असू दे, मला इथला रॉड दाखव. त्याने सहा काढले. मी डोळे मिटून बसले, दोरा दोन बोटांत धरला आणि त्याला सांगितलं, तिकडचं टोक माशासारखं ओढ. त्याने हळूच टोचल्यासारखं केलं. मी म्हटलं, हा बारका, नुसता आमिष कुरतडणारा. मग त्याने घासत ओढलं. म्हटलं, खेकडा. मग जोरात हिसका दिला. म्हटलं, हा मासा नाही, हा दुकानदार. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गोळा झाली. ज्या रॉडमधून खेकडा आणि मासा वेगळा कळला तो मी बाजूला काढला. रीळ फिरवताना कानाशी धरून बघितलं, कुरकुरणारी दोन परत दिली. गऱ्या अंगठ्याच्या नखावर घासून निवडल्या. रुतली ती चांगली, घसरली ती टाकाऊ. ते बघून त्या डोंगराने स्वतःचा अंगठा पुढे केला. त्याच्या नखावर तसेच ओरखडे. त्याच्या आजीने शिकवलं होतं म्हणे. तिथे माझा त्याच्यावर विश्वास बसला. सरलाने अनिरुद्धचा फोटो दाखवला, तर म्हणाला, ह्या माणसाला मी एकाही धक्क्यावर पाहिला नाही. मग त्याने रॉडची कापडी पिशवी उचलली, नाकाला लावली, आणि आत हात घालून एक ओली चड्डी बाहेर काढली. टॉग्ज, आंटी, म्हणाला, पोहायची चड्डी. युअर बॉय गोज टू द पूल. माझी नातवंडं दर आठवड्याला ह्याच वासाची घरी येतात.

पुढच्या शनिवारी मी आणि सरला त्याच्या गाडीमागून पोहण्याच्या तलावावर. काचेपलीकडून बघितलं. सहा प्रौढ माणसं फळीला लोंबकळून पाय मारत होती, आणि पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी काठावरून शिट्टी वाजवत होती. आपला अनिरुद्ध पाचवा. पाणी सगळं मागे उडत होतं आणि हा होता तिथेच. पाच मिनिटं मी हसले. मग तो फळी सोडून गळ्यापर्यंत आत गेला, आणि मी काच धरली. बाळ, त्याची मान मागून अगदी त्याच्या वडिलांसारखी दिसते.

बाकावर श्रिया बसली होती, माझी पंधरा वर्षांची नात. मला बघून पांढरी पडली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. ती समुद्रावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या मुलांच्या पथकात गेलीय. (मी देवाला मुलाचं नाव सांगितलं होतं, नातीचं सांगायचं राहिलं, त्याचा तिने फायदा घेतला.) म्हणाली, आजी, आय गो राइट आउट पास्ट द वेव्हज, अँड डॅड जस्ट स्टँड्स देअर विथ माय टॉवेल. वाऱ्यात तीन तास, बूट घालून. एकदा तिला पाण्याने आत ओढलं, दुसऱ्यांनी बाहेर आणलं, आणि हा गुडघाभर पाण्यात उभा राहून नुसती हाक मारत होता. दुसऱ्याच आठवड्यात तलावावर नाव घातलं. डोन्ट टेल हिम यू नो, म्हणाली, ही थिंक्स तुझा देव विल बी हीप्स मॅड, म्हणजे भयंकर रागावेल. आणि मासे मृदुला शुक्रवारीच आणून फ्रिजमध्ये मागे लपवते आणि सकाळी त्याच्या पिशवीत घालते. जन्मात मासा न शिवलेली पुण्याची बाई, भांडी घासायचे हातमोजे घालून दुकानात जाते आणि रंग बघून मासा निवडते. हल्ली फोनशेजारी बसून भाजी कसली निवडते तेही कळलं, मला किती कळलंय ते ऐकत असते.

आम्ही दोघी त्याच्या आधी घरी पोचलो. संध्याकाळी ताटात दोन तुकडे घेतले आणि विचारलं, आज समुद्र कसा होता? म्हणाला, शांत होता, आई. म्हटलं, असेल.

घरातल्या लहानथोरांना माझे आशीर्वाद आणि कुत्रीला दटावणी.

तुझी
अक्का
(सरलाच्या हाताने, अंगठा माझा)

ता. क. पत्र ह्यासाठी लिहिलंय. त्या दिवशी रवळनाथासमोर नारळ तू धरला होतास, आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं तेव्हा 'व्हय म्हाराजा' तूच म्हणाला होतास. तेव्हा सोडवायचंही तुझ्याच तोंडाने. येत्या सोमवारी आंघोळ करून जा, नारळ आणि केळी ठेव, आणि गुरवाला माझ्या शब्दांत सांगायला सांग: ही बाई घाबरली होती, म्हणून तिने मुलाला गुडघ्यापाशी बांधला. ती आपलं बोलणं परत घेतेय. त्याला पाण्यात उतरू दे, त्याच्या मुलीपर्यंत पोचू दे, आणि दोघांना वर काढायचं काम तुझ्याकडे. आणि तू 'व्हय म्हाराजा' मोठ्याने म्हण. फोनवर ओरडतोस तसं.

ता. क. २. अनिरुद्धला एक अक्षर कळवू नकोस. तो बिचारा चोरून पोहतोय म्हणून नेमाने जातोय, परवानगी मिळाली तर आळशी होईल. तो दुकानदाराकडचा रॉड मी माझ्यासाठी ठेवून द्यायला सांगितलाय. माझे पाय कोरडेच राहतील.

ता. क. ३. खायला काय पाठवू, असं विचारशील. सुकट पाठवू नकोस, मागच्या खेपेला विमानतळावरच्या माणसाने ती हातमोजे घालून कचऱ्यात टाकली. देवाच्या प्रसादाची शेरणी पाठवू नकोस, माझ्या वाटणीची तूच खा. देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर डाव्या हाताच्या दुकानातून गुळात घोळलेलं खाजं घे, आलं घातलेलं, सीलबंद पाकिटातलं, दुकानाचं नाव छापलेलं, आणि ते पाठव. ते दुकान देवळाबाहेर सोडून कुठे नाही. पाकीट आलं तर मला कळेल तू जाऊन आलास, आणि त्या शनिवारी मी अनिरुद्धला सांगेन, की टीसीएल पुरे झाला, आता खाऱ्या पाण्यात जा. तोवर मुलगी लाटांत आणि बाप फळीवर. दोन पाकिटं पाठव.