नेनिंगचं विरजण

३ नोव्हेंबर
नव्या कामावर पोचले एकदाची! मालकीण अलिंग पासिंगनी दारातच सुक्या मासळीचा घास भरवला. म्हणाल्या, पूरिता, हाडं दिसताहेत गं तुझी, आमच्या सायीसारखी जाड हो जरा. शेडमध्ये ओळीने ट्रे, त्यांत साखर-शिरका घातलेलं नारळाचं पाणी. विरजणातले जंतू त्यावर पांढरी, चिवट साय धरतात. नाता म्हणतात तिला. पाकात घालून जपानला जाते, दवाखानेवाले भाजलेल्या कातडीवर लावायलाही नेतात. मालकिणीला मूलबाळ नाही, गुडघेही गेलेत. जिची साय सगळ्यांत जाड, तिच्या नावावर शेड करणार म्हणे. मला तर आत्ताच ती आपली वाटायला लागली आहे.

१४ नोव्हेंबर
माझी साय कागदासारखी. नेनिंगची अंगठ्याएवढी. ही पोरगी माझ्याहून लहान, दिवसभर गुणगुणते, मला ताई म्हणते. तिचं विरजण घरचं, आजीपासूनचं, वेगळ्या बरणीत. अलिंग पासिंग म्हणाल्या, हिच्या हाताला देवमातेचा आशीर्वाद आहे. मग माझा ट्रे बघून विचारलं, यात काय भात गुंडाळायचा? सगळ्याजणी खिदळल्या. मीही हसले. आतून नुसता जळफळाट.

१९ नोव्हेंबर
साय कापताना सुरी बोटात गेली. नेनिंग धावत आली, आपल्या बरणीतल्या सायीचा तुकडा बोटावर चिकटवला. म्हणाली, ताई, याने वणसुद्धा राहत नाही. चांगुलपणाही हिनेच दाखवायचा! दातओठ खात आभार मानले.

२२ नोव्हेंबर
सगळ्या चर्चमध्ये मिस्साला गेल्या. डोकं दुखतंय सांगून मी मागे राहिले. नेनिंगच्या बरणीत उकळतं पाणी ओतलं. तिच्या ट्रेंमध्येही. वाईट वाटेल असं वाटलं होतं. बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर
तिच्या ट्रेत काहीच धरत नाही. घरातलं माणूस गेल्यासारखी रडते आहे. अलिंग पासिंग तिलाच कुशीत घेऊन बसल्या. मी दिवसभर राबले, कुणी पाणी विचारलं नाही. बोटावरचा तुकडा निघत नाही. ओढला, तर खालून दुसरा.

२७ नोव्हेंबर
मनगटापर्यंत आली. सुरीने सोलली — पुन्हा आली, जास्त जाड. दुखत नाही, हेच वाईट. नेनिंगने हात पाहिला. रडणं थांबलं. मालकिणीला हाक मारून म्हणाली, हे माझंच आहे, आजीचं, जिवंत आहे —

२९
हात नारळपाण्याच्या टबात. दाराला बाहेरून कडी. अलिंग पासिंग साखर घालतात, माझे केस विंचरतात. हलू नकोस गं बाय, म्हणतात, साय फाटेल. इतकी माया कधी — डाव्या हाताने लिहितेय.

बहुतेक डिसेंबर
खांदा. मान. नेनिंग रोज कापून नेते. अंगठ्याहून जाड. माझ्या अंगावरची! आणि अलिंग पासिंग ती उजेडात धरून म्हणतात, वा, नेनिंगचं विरजण ते नेनिंगचंच —

आज
शेड तिच्या नावावर झाली. बाहेर हसताहेत, तांदळाचा गोड बिबिंका वाटताहेत. ओठांवरही साय धरली आहे, ओरडता येत नाही. डावी बोटंही आता — कुणीतरी वाचा — ही साय नेनिंगची नाही, मा—