बोटभर मावळ्यांचे डोळे

आये, माझी नात सुट्टीला आलीय. टेबलावर लढाई मांडायचा कसलासा खेळ खेळते. बोटभर उंचीचे शिपाई, दोन निरनिराळ्या दुकानांतले. सकाळी रडकुंडीला आली. "आजी, दोन्ही डब्यांवर माप एकच लिहिलंय, पण शेजारी उभे केले की हे त्या दुसऱ्यांच्या काखेत येतात!" मी चष्मा लावून वाकले, आणि मला आपलं महाडचं अंगण दिसलं.

दिवाळी तोंडावर आलेली. पोलादपूरच्या शाळेतल्या किल्ल्यासाठी गुरुजींनी तुला मातीचे मावळे सांगितले होते. बांना कुंभाराची मडकी सोडून तुझं हे बाहुल्या करणं पसंत नव्हतं. "ह्या परत आल्या तर फुडल्या सालापासनं नुसती मडकी," असं त्यांनी बजावलं होतं. आणि नेमका अर्ध्यावर साचा फुटला. तू हाताशी असलेल्या भाजक्या मावळ्यावरूनच नवा साचा घेतलास. माती वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते, हे काय तुला ठाऊक नव्हतं? पण घाई होती. साचा आकसला, त्यातले मावळेही आकसले. मडकं जरा बारीक झालं तर कोण बघतो? माणसं मात्र शेजारी उभी राहतात. नव्यांची पागोटी तू हातानं उंच चढवलेली, म्हणून मला वाटलं, जमलं सगळं. तू उकिडवी बसून त्यांची तोंडं न्याहाळत राहिलीस. "पागोट्याला भुलू नको गो. डोळे बघ. डोळे बरोबरीला आले तर ती एका फळीतली. ही तर बापसाच्या घोड्यावर बसलेली पोरं हायत." तुझा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मग तू उठतेस, मोठी टोपली पालथी घालतेस, तिच्यावर दुरडी. मोठे मावळे नि घोडे पायथ्याला, लहान पार वर. मी उंबऱ्यावरून बघते तर अंगणात डोंगर उभा! "उमरठला डोंगरावरला गुराखी तुला केवढा दिसतो? तसंच हाय हे." गुरुजी आले तेव्हा बा चौकटीला टेकून उभे होते. तू काही झाकलं नाहीस. "गुर्जी, साचा फुटला. वरचे बारीक झालेत. नको असले तर तसं बोला." गुरुजी धोतर आवरून खाली बसले. डोळे बारीक करून पायथ्यापासून वरपर्यंत बघत गेले. मग म्हणाले, "अहो बाई, हा वरचा पहारा खरंच लांबवर वाटतो की! पण आमची पोरं सगळी सरमिसळ करतील. मांडायला तुम्हीच या." तू पदर तोंडाला लावून हसलीस. बा म्हणाले, "झाली मास्तरीण!" पण पोलादपूरच्या एस.टी.त मावळ्यांची टोपली मांडीवर घेऊन तेच बसले, कुणाला हात लावू देईनात. मडक्यांचं बोलणं पुन्हा कधी निघालं नाही. किती हलकं वाटलं होतं गो तेव्हा!

आज नातीला तेच सांगितलं. पायाखालची चकती सोड, टोप सोड, डोळ्यांपर्यंत माप. जुळले ते एका फळीत, बारके टेकडीवर. पोरीचा चेहरा उजळला. "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" तर मी म्हटलं, "माझं मीच." रागावू नको आये, सांगेन तिला उद्या. आजच्या दिवस तेवढं कौतुक मला खाऊ दे. एक बुटका फळीतच हवाय तिला, त्याचे डोळे जरासेच कमी पडतायत. तुला लिहिलेला हा कागदच घडी घालून त्याच्या पायाखाली सरकवते.